सपाट चमचा

“आजी, बाळाला वरचं काही देता का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” मी ताठ बसून सांगितलं.

“मध? साखरपाणी? कुणी सांगितलं म्हणून गाईच्या दुधाचं बोट?”

“अहो डॉक्टर, एकतीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत शिकवलंय मी. तुम्ही एकदा बंद म्हणालात ना, मग बंद. माझा चहासुद्धा मी शेजारच्या खोलीत पिते.”

डॉक्टर शेटे एरवी हसतमुख माणूस. त्या दिवशी हसले नाहीत. समोरचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि माझ्या सुनेकडे वळले. वृषाली बाळाला पदराखाली नव्हे, पदराच्या वर घेऊन बसली होती. दुपट्यात गुंडाळलेली छत्तीस दिवसांची पोर. बारसंही झालेलं नव्हतं, आम्ही नुसतं चिऊ म्हणायचो.

“आणि तुम्ही? रडते म्हणून, चुकून, एखाद्या वेळी?”

“नाही,” वृषाली म्हणाली.

“मी रागावणार नाही. आईचा जीव आहे, मला कळतं.”

“नाही पाजलं, डॉक्टर.”

“मग हे कुठून आलं?” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “इथं दवाखान्यात होती तेव्हा बारा दिवसांत कावीळ उतरली, वजन धरलं. घरी जाऊन सोळा दिवस झाले तर रक्तात पुन्हा तेच. हिच्या पोटात कुठून तरी दूध जातंय. थोडंसं, पण रोज. डोळे आज साफ आहेत. असंच चाललं तर डोळ्यांत मोतीबिंदू धरेल, यकृत जाईल. मग मी काही करू शकणार नाही.”

माझा मुलगा हेमंत वृषालीकडे बघत होता. मीही तिच्याकडेच बघत होते. कॉपी करणारं पोर मला पाठमोरं ओळखता येतं अशी शाळेत माझी ख्याती होती.

“तोंडात जाईल ते सगळं लिहून ठेवा,” निघताना डॉक्टर म्हणाले. “थेंबसुद्धा. पुढच्या सोमवारी पुन्हा रक्त काढू.”

एसटीनं आम्ही सोलापूरहून बार्शीला आलो.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मी नुकती निवृत्त झालेली, हे जाऊन तीन वर्षं झालेली, आणि अंगात रग अशी की गल्लीतलं कुठलंच बाळंतपण माझ्यावाचून पार पडू नये. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण वृषालीला आई नव्हती. ती चार वर्षांची असतानाच गेली, वडिलांनी एकट्यानं वाढवलं. मी व्याह्यांना म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, तिची आई मी आहे. म्हणताना फार बरं वाटलं होतं.

मुलगी झाली. तीन किलोची, जावळ असलेली. पाचव्या दिवसापासून ओकायला लागली. छातीला लावली की ओढून ओढून प्यायची आणि मग सगळं बाहेर. अंग हळदीसारखं पिवळं. आठव्या दिवशी इथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि आम्ही सोलापूर गाठलं. तिथं कळलं ते ऐकून मी आधी डॉक्टरांचंच डोकं फिरलंय असं समजले. दुधात एक साखर असते म्हणे. ती पचवायचं जे काही शरीरात लागतं ते या पोरीत जन्मतःच नाही. ती साखर अंगात साचते आणि विष होते. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, कुठलंच दूध चालायचं नाही. आईचंसुद्धा नाही. आईचं तर नाहीच नाही.

“मग जगायचं कशावर?” मी विचारलं होतं.

डॉक्टरांनी टेबलावर एक डबा ठेवला. सोयाबीनपासून केलेली पावडर, दुधाचा अंश नसलेली, अशा बाळांसाठीच बनवलेली. बार्शीत मिळत नव्हती. हेमंत पुण्याहून मागवायचा, डबे एसटीनं यायचे.

तो डबा घरात आला आणि कानामागून येऊन तिखट झाला. खरं सांगते, मला त्याचा राग यायचा. झाकण उघडलं की भिजवलेल्या डाळीसारखा वास. एवढ्या मोठ्या घरात, एवढी माणसं जीव टाकत असताना पोरीचा सगळा जीव त्या पत्र्याच्या डब्यात! आणि वृषाली तर त्याला हात लावू द्यायची नाही. पाणी वीस मिनिटं उकळायचं, निवू द्यायचं, मापाच्या चमच्यानं पावडर घ्यायची आणि चाकूच्या पाठीनं वरचं काढून चमचा अगदी सपाट करायचा. एकदा मी बाटली करायला घेतली. शिगोशीग चमचा भरला, पोरगी अंग धरत नाहीये म्हणून जरा हात सैल सोडला.

“आई, सपाट,” मागून आवाज आला.

“अगं, चार दाणे जास्त गेले तर काय बिघडतं?”

तिनं बाटली माझ्या हातातून घेतली, मोरीत ओतली आणि नवी करायला लागली. दोन मुलं वाढवून मोठी केलेल्या बाईला याहून अपमान कुठला? त्या दिवसापासून बाटलीला मी हात लावला नाही.

माझ्याकडे उरली ती गुटी. ती मात्र माझीच. माझी सहाण माझ्या आईची, मध्ये बशीसारखी खोलगट झालेली. वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, सुंठ, हळकुंड, मायफळ, खारीक, बदाम. कशाचा एक वेढा, कशाचे दोन, कुठल्या बाळाला कुठल्या महिन्यात, हे विचारायला लोक गावातल्या शिवाजीनगरपासून चालत यायचे. रोज सकाळी आठ वाजता बाळाची आंघोळ झाली की मी पाटावर बसायची, पोरीला पायांवर घ्यायची आणि चांदीच्या बोंडल्यानं गुटी पाजायची. मिटक्या मारत प्यायची लबाड. डब्याच्या बाटलीला तोंड वाकडं करायची, माझ्या गुटीला कधी नाही. तेवढं एक समाधान मला होतं.

आणि एक काम होतं. दूध आटायला वृषालीला गोळ्या दिल्या होत्या, पण सकाळी तिची छाती दगडासारखी व्हायची. ती वाटीत थोडं पिळून काढायची आणि मान खाली घालून वाटी माझ्या हातात द्यायची. आईचं दूध कुणाच्या पायदळी येऊ नये, म्हणून मी ते परसातल्या अनंताच्या मुळाशी ओतायची. त्या वर्षी अनंताला फुलं काय आली म्हणता!

तर, सोलापूरहून आम्ही परत आलो तो सोमवार. घरात पाऊल टाकताच हेमंतचा तोल गेला.

“तुझी माया तिच्या जिवापेक्षा मोठी झाली का?” तो म्हणाला.

“मी पाजलं नाही,” वृषाली म्हणाली.

“मग आकाशातून पडतंय का दूध? दवाखान्यात नर्सा डोळ्यांत तेल घालून होत्या तेव्हा बरी होती!”

वृषालीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, ही काहीतरी बोलेल. आई आहे म्हणाली होती. मी बोलले, पण काय बोलले ते ऐका.

“हेमंता, ओरडू नकोस. मी उपाय सांगते. जयाकडे पुण्याला महिनाभर बाळाला घेऊन मी जाते. मोठे डॉक्टर तिथं जवळ आहेत. आणि,” मी आवाज मऊ केला, “हिच्यासमोर पोर रडायला लागलं की हिला राहवत नाही. तिचाही दोष नाही. लांब राहिलेलं बरं.”

जया माझी मुलगी. हेमंतनं तिला लगेच फोन केला. गुरुवारी सकाळी मित्राची जीप घेऊन निघायचं ठरलं. वृषाली पाळण्याची दोरी धरून उभी होती, तशीच उभी राहिली.

मग मी शंभर पानांची वही काढली. तक्ते आखण्यात माझा हात कुणी धरला नसता. लाल शाईनं पाच रकाने पाडले : वेळ, काय, किती, कशात, कुणी. शेवटचा रकाना कुणासाठी होता ते सांगायला नको.

मंगळवारचं पान भरलं. सहा वाजता बाटली, तीन चमचे, उकळलेलं पाणी, वृषाली. नऊ वाजता बाटली, तीन चमचे, उकळलेलं पाणी, वृषाली. सगळं सरळ. दुपारी पोर रडायला लागली, आणि मग एकाएकी गप्प झाली. मी जाऊन पाहते तर खोलीचं दार आतून लावलेलं.

मी दाराला कान लावला. हो, लावला. एकतीस वर्षांची शिक्षिका, सुनेच्या दाराला कान लावून उभी. आत काही ऐकू येईना, तेव्हा परसातून वळसा घालून खिडकीशी गेले. पडदा जरासा सरकलेला होता.

वृषाली भिंतीला टेकून बसली होती. चोळी पार भिजलेली. बाळ मांडीवर होतं, पण तिनं ते दोन्ही हातांनी लांब, गुडघ्यांपर्यंत सरकवून धरलं होतं, आणि पोर आईच्या वासानं मान इकडे वळवून तोंड उघडत होती. वृषाली एका हातानं तिचं तोंड हळूच पलीकडे फिरवायची. पोर पुन्हा वळायची. ती पुन्हा फिरवायची.

“इकडे नाही गं,” ती सांगत होती. “इकडे काही नाही तुझं. तिकडे बघ. ती बघ खुंटी. खुंटी बघ माझी बाय.”

मी तिथून मागे फिरले. स्वयंपाकघरात येऊन घटाघट पाणी प्यायले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं हे खरं, पण डोकं मास्तरणीचंच. मी मनाशी म्हटलं, आज नाही पाजलं. पण रोज असंच निभतं कशावरून? एकदा मनात संशय शिरला की तो दुसऱ्याच्या आसवांनीसुद्धा धुऊन निघत नाही.

बुधवारी दुपारी ती बाळाची पिशवी भरत होती. लंगोट, झबली, टोपडी, एकावर एक नीट. मी शेजारी बसून दोन डबे कापडात गुंडाळत होते. एका झाकणाच्या आत तिनं कागद चिकटवला होता. बारीक, गोल अक्षरात लिहिलं होतं : ‘चमचा सपाट. शिगोशीग नाही. चाकूची पाठ लावावी, धार नाही. बाटली करताना कुणाशी बोलू नये, मोजणी चुकते.’

“मला येतं गं ते,” मी म्हटलं.

“येतंच. जयाताईंसाठी लिहिलंय.”

थोडा वेळ ती लंगोटांच्या घड्या पुन्हा उलगडून पुन्हा घालत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, मी नाही पाजलं. शपथ घालून सांगितलं तरी तुम्हाला पटायचं नाही, म्हणून घालत नाही. मी इथं राहिले आणि ती तिथं बरी झाली, तर सगळे म्हणतील मीच होते. जन्मभर म्हणतील. म्हणू देत. ती बरी होऊ दे.”

मला काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हटलं, “टोपडी दोन जास्त ठेव, पुण्यात गार असतं.”

गुरुवार उजाडला. जीप दहाला येणार होती. आठ वाजता नेहमीसारखी आंघोळ झाली, पोरीला दुपट्यात गुंडाळून मी पाळण्यात ठेवली. वृषालीनं वाटी आणून दिली. मी पाटावर बसले, सहाण समोर घेतली, एकेक मुळी उगाळली. पिवळसर, दाट, सुंदर गुटी झाली. बोंडल्यात भरणार एवढ्यात शेजारी ठेवलेल्या वहीकडे लक्ष गेलं. पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायची वही. त्यांनी म्हणावं, बार्शीची बाई आहे, पण काय चोख काम! आणि शेटे डॉक्टर म्हणाले होते, थेंबसुद्धा. दोन दिवसांत मी गुटी लिहिलीच नव्हती. गुटी का कुणी खाणं म्हणून धरतं? गुटी म्हणजे गुटी. पण तक्ता अर्धवट ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मी पेन उघडलं.

वेळ : आठ. काय : गुटी. किती : दोन पळ्या. कशात :

माझा हात तिथंच थांबला.

गुटी कशात उगाळतात? माझ्या आईनं उगाळली, तिच्या आईनं उगाळली, मी माझ्या दोन्ही मुलांना उगाळली, गल्लीतल्या दोनशे पोरांना उगाळून दिली. आईच्या दुधात. दुसऱ्या कशात उगाळतात? अनंताच्या मुळाशी ओतायच्या आधी रोज त्या वाटीतलं दोन पळ्या मी सहाणेवर घेत होते. अठरा दिवस. हाताला इतकं सवयीचं, की ते दूध आहे हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. वाटीत होतं तोवर दूध, सहाणेवर आलं की औषध.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी पोरांना एकतीस वर्षं शिकवलं. वाक्यात उपयोग करा म्हणून सांगितलं. तो कळसा माझ्या काखेत होता आणि मी सुनेच्या दाराला कान लावत होते.

आता जे सांगते ते मी फार कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मनात पहिला विचार पोरीचा आला नाही, वृषालीचा आला नाही. सहाण धुऊन टाकावी, हा आला. कुणी पाहिलं नव्हतं. ओळ खोडली असती, पुण्याला गेले असते, तिथं गुटी दिली नसती, पोर महिनाभरात टवटवीत झाली असती. सुंठीवाचून खोकला गेला असता. आणि सगळे म्हणाले असते, बघा, आजीनं वाचवलं. मी तांब्या उचललासुद्धा.

तेवढ्यात पाळण्यात पोर कुरकुरली. मान वळवून, तोंड उघडून, गुटी शोधायला लागली. माझ्या गुटीला मिटक्या का मारायची ते मला तेव्हा कळलं. तिच्या आईची चव होती ती.

मी तांब्या खाली ठेवला. अडलेल्या रकान्यात लिहिलं, आईचं दूध. शेवटच्या रकान्यात लिहिलं, मी. अक्षर वाकडं आलं.

वृषाली स्वयंपाकघरात प्रवासाचं पाणी थर्मासात भरत होती. मी वही तिच्यापुढे ओट्यावर ठेवली.

“हे वाच.”

तिनं हात पुसले. वाचलं. तिला लगेच कळलं नाही. मग तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि रकाना रकाना सरकवत नेलं.

“गुटी पाण्यात उगाळत नाहीत?” तिनं विचारलं.

“नाही गं.”

“मला वाटलं पाण्यात.” तिच्या घरी सांगायला होतं कोण? “रोज?”

“रोज. अठरा दिवस.”

“कुणाचं दूध?”

“तुझंच. तू वाटी द्यायचीस त्यातलं.”

तिनं ओट्याला धरलं. “म्हणजे मीच आणून देत होते,” ती म्हणाली. “माझ्या हातानं.”

“तू नाही. खबरदार असं म्हणशील तर! तू मला टाकायला दिलंस. घातलं मी.”

तिनं थर्मासाचं झाकण लावलं. मग शांतपणे म्हणाली, “मंगळवारी तुम्ही दाराशी उभ्या होतात. बांगड्या वाजल्या.”

“हो.”

“मला वाटलं, आत याल. मी कडी काढून ठेवायला उठणार होते.”

 

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. हेमंत आत आला. “झालं का? आई, चल. बाळाला घे.” आम्हा दोघींची तोंडं बघून तो थबकला. “काय झालं? सापडलं का काही?” आणि मग, बायकोकडे वळून, “म्हणजे तूच...?”

वृषालीनं वही मिटली आणि माझ्या हातात दिली. तेवढंच केलं. जे सांगायचं ते तुम्हीच सांगा, नसेल सांगायचं तर नका सांगू, असं.

“ती नव्हे,” मी म्हटलं. “मी.”

त्याला समजायला वेळ लागला. दोनदा सांगावं लागलं. तो उंबऱ्यावर मटकन बसला आणि वृषालीकडे मान वर करून बघायची त्याची छाती होईना.

“वृषाली, मी सोमवारी तुला...”

“तुमचं नंतर,” ती म्हणाली. “आधी त्या जीपवाल्याला परत पाठवा. हॉर्न वाजवून पोरीला उठवेल.”

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी मी स्वतः डॉक्टर शेट्यांपुढे जाऊन बसले आणि वही उघडून दाखवली. मला वाटलं होतं माणूस पेटेल. ते त्या ओळीकडे बघत राहिले. “मध विचारलं, गाईचं दूध विचारलं,” ते म्हणाले. “गुटी नावानं विचारली नाही मी. आता प्रत्येकीला विचारीन.” त्या खेपेला रक्तातली ती साखर उतरायला लागली होती, आणखी महिन्याभरात पार उतरली. डोळे साफ राहिले. अडीच महिन्यांनी बारसं केलं, गार्गी नाव ठेवलं, आणि पेढ्यांऐवजी चुरमुऱ्याचे लाडू वाटले. लोक नावं ठेवून गेले, जाताना लाडू बांधून घेऊन गेले. आता ती पुण्याला होस्टेलवर असते. बिस्किटाचा पुडा हातात आला की आधी उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचते आणि शंका आली की मलाच फोन करते. आमच्या स्वयंपाकघरात डाळी, पोहे, शेंगदाणे अजून त्या पावडरीच्याच डब्यांत आहेत. सहाण मी कुणाला दिली नाही, तिच्यावर पुन्हा काही उगाळलंही नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या शुक्रवारचं.

गुरुवारचा सगळा दिवस वृषाली माझ्याशी बोलली नाही. मी ताट वाढलं, ती जेवली. तिनं चहा दिला, मी प्यायले. शुक्रवारी सकाळी आठ वाजले. बाळाची आंघोळ झाली. मी सवयीनं पाटावर जाऊन बसले आणि मग लक्षात आलं की इथं आता माझं काही काम नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आयुष्यात इतकं रिकामं मला शाळेचा शेवटचा दिवस संपल्यावरही वाटलं नव्हतं.

वृषाली आली. तिनं पोर माझ्या पायांवर ठेवली. मग डबा आणला, मापाचा चमचा आणला, चाकू आणला, निवालेलं पाणी आणलं, आणि सगळं माझ्यापुढे मांडलं.

“बाटली करा,” ती म्हणाली.

“नको गं. माझ्या हातचं नको. तूच कर.”

“आई, करा.”

“तुझा विश्वास कसा बसेल? माझाच बसत नाही.”

“म्हणून तर,” ती माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. तिचे डोळे सुजलेले होते, आवाज मात्र सरळ होता. “दुधानं तोंड पोळलंय तुमचं. आता तुम्ही ताकही फुंकून प्याल. याच्याहून खात्रीचा हात मला या घरात कुठला मिळणार? माझापण नाही. मला झोप येते, माझं चुकतं. तुमचं आता जन्मात चुकायचं नाही.”

मी चमचा भरला. अर्धी पावडर डब्यात परत सांडली. पुन्हा भरला. चाकूची पाठ लावली, धार नाही. वरचं अलगद काढलं. चमचा पाटासारखा सपाट झाला. एक. दोन. तीन. मधे एकदा हेमंत काहीतरी विचारायला दाराशी आला, तर आम्ही दोघींनी एकदमच बोट ओठांवर ठेवलं.

पोरीनं बाटली तोंडात घेतली. एकदा माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं, हे कुठलं गं, म्हणून. मग प्यायला लागली. सगळी प्यायली.

मी तिला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत होते, तोवर वृषालीनं वही ओढून घेतली आणि तिच्या त्या बारीक, गोल अक्षरात लिहायला लागली. मी खांद्यावरून वाचत होते. वेळ : आठ. काय : बाटली. किती : तीन चमचे, सपाट. कशात : उकळलेलं पाणी.

शेवटच्या रकान्यापाशी ती क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं : आजी.